दीड बोटाची जागा

ओबरमोझरांच्या घरात त्या दिवशी भांडण चाललं होतं ते बुटांवरून. मी तेव्हा या डोंगरावर नवी नवरी होते. खमिराचं भांडं परत द्यायला गेले आणि दाराशीच थबकले. आत जावं तर भांडणाच्या मधे, परत फिरावं तर ऐकायचं राहून जाईल.

"दोरी घेऊन गेलीस!" ओस्वाल्ड ओरडत होता. "नवऱ्याचा पाय मोजायला दोरी! मी काय खाटकाकडे न्यायचं वासरू आहे?"

"मग काय पाय कापून पिशवीत घालून नेऊ?" ही थेक्ला, त्याची बायको. "चल म्हटलं होतं ना जत्रेला माझ्याबरोबर? तर म्हणे, लाकडं कोण ओढणार."

"दोन मोजे घालून त्या बुटात पाय शिरत नव्हता. शिरत नव्हता, थेक्ला!"

"मग एकच घालायचा."

"त्या थंडीत?"

"मग तोंड उघडायचं होतंस! तसाच खुरडत हिंडलास, आणि आता बोटं गेल्यावर माझ्या नावाने शंख!"

बोटं खरंच गेली होती. जंगलातून लाकडं घसरगाडीवर घालून खाली आणायचं काम करायचा ओस्वाल्ड. त्या हिवाळ्यात घट्ट बुटात त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं आधी पांढरी पडली, मग निळी, मग काळी. डॉक्टरने ती काढली. मी भांडं उंबऱ्यावर ठेवलं आणि वाकून पाहिलं, तर टेबलाखाली त्यांची मुलगी बुर्गी बसलेली. शाळेत जायला लागली होती नुकतीच. रडत नव्हती. दोन्ही हातांनी स्वतःच्या पायाची बोटं घट्ट धरून बसली होती, जणू कुणी ती पळवूनच नेणार होतं.

त्या घरात त्यानंतर मापाचा बूट कुणालाच मिळाला नाही. पायापेक्षा दोन नंबर मोठा, हा नियम झाला. मुलांना देवाचा पहिला प्रसाद देतात त्या दिवशी बुर्गी पांढऱ्या झग्यात चर्चमध्ये शिरली तेव्हा बूट आधी पोचले आणि पोरगी मागाहून. फटक फटक आवाजाने पाद्रीबुवांनी मान वर केली. सगळे हसले. बुर्गी हसली नाही, पण बूट काढतेही म्हणाली नाही.

तीच पुढे ओबरमोझरांच्या घराची मालकीण झाली. गाई, गवत, बटाटे, आणि हिवाळ्यात आमच्या उतारावरच्या लिफ्टवर काम. ढुंगणाखाली दांडी घेऊन उभ्याउभ्या वर ओढली जातात माणसं, ती लिफ्ट. बुर्गी खाली उभी राहून एकेकाच्या हातात दांडी द्यायची. दुसरा कुणी असता तर माणसांची तोंडं बघितली असती. ही पाय बघायची. "ए, तुझे मोजे ओले आहेत, घरी जा." "बाई, पोराचा बूट घट्ट आहे का? तो लंगडतोय." परगावची माणसं चिडायची. आमची माणसं म्हणायची, बुर्गीच्या समोरून जाताना पाय नीट ठेवा, नाहीतर ती तुम्हाला शेकोटीजवळ नेऊन बसवेल.

काळजी करणं हे तिचं दुसरं काम होतं, आणि त्याला सुट्टी नव्हती. गाय वेळेवर रवंथ करत नाही म्हणून काळजी. नवरा बोगद्यांच्या कामावर लांब असायचा, त्याचा फोन आला नाही म्हणून काळजी, आणि आला की एवढ्या लवकर का आला म्हणून काळजी. मी एकदा तिला म्हटलं, "बुर्गी, देवाकडे काही काम शिल्लक ठेव." तर म्हणाली, "ठेवते ग मोइदी, पण तो विसरला तर?"

मुलगी झाली ती उशिरा. हेम्मा नाव ठेवलं. आता ज्या बाईला पायाच्या बोटांची एवढी धास्ती, तिच्या पोरीने काय करावं? तिने बर्फावरून घसरायचा बोर्ड धरला. आणि तोही मऊ बूट घालून उड्या मारायचा बोर्ड नव्हे. आमच्या खोऱ्यात जुनी चाल आहे ती कडक बुटांची. दोन जणांनी शेजारी-शेजारी, झेंड्यांच्या मधून, बोर्ड काठावर उभा करून सुरीने लोणी कापावं तसं खाली यायचं. त्याला बूट लागतो प्लास्टिकच्या कडक कवचाचा, वर बकलं, आत वेगळा निघणारा मऊ बूट. नडगीने नुसतं पुढे रेललं की बोर्ड वळला पाहिजे. बूट आणि पाय यांच्यात फट असली तर माणूस आधी वळतो आणि बोर्ड मागून विचार करत येतो.

हे मला आता कळतं. तेव्हा ना मला कळत होतं, ना बुर्गीला.

आमच्या इथे शरद ऋतूत अग्निशमन दलाच्या खोलीत जुन्या बुटांचा बाजार भरतो. कुणाच्या पोराचा पाय वाढला, त्याचे बूट दुसऱ्याच्या पोराला. हेम्माचे पहिले कडक बूट बुर्गीने तिथूनच आणले. अर्थात दोन नंबर मोठे. आत घालायला स्वतः विणलेले लोकरीचे मोजे, एवढे जाड की नुसते उभे केले तरी उभे राहतील. पोरगी लहान होती तोवर भागलं. लहान मुलं कशातही पळतात. पण सतरा वर्षांची झाली, वेग वाढला, आणि मग सुरू झालं.

दोन फेऱ्या मारल्या की हेम्माचा डावा पाय सुन्न. डावा म्हणजे तिचा पुढचा. बुटात टाच वर उचलायची, म्हणून ती बकल आणखी ओढायची. ओढलं की पाय आणखी सुन्न. घरी येऊन मोजा काढला की बोटं पांढरीफटक, मेणाच्या बाहुलीची असावीत तशी.

बुर्गीने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी तिथेच होते, चीज आणि पुदिना भरून कासनुडेलच्या कडा दुमडत. तिच्या हातातलं उकळत्या पाण्याचं भांडं टेबलावर लवंडलं. ओलं टेबल, ओले नुडेल, आणि ही जमिनीवर बसून पोरीचा पाय काखेत घेऊन चोळतेय.

"आई, गरम होतील आपोआप."

"होतील म्हणे! तुझ्या आजोबांची झाली का?"

"आजोबा जंगलात होते. मी दहा मिनिटांत चुलीपाशी येते."

"बोटांना काय कळतंय, जंगल कुठलं नि चूल कुठली?"

आणि मग तिने ती चूक केली, जी फक्त आमच्याच डोंगरावरची बाई करेल. पाय गारठला तर इथे एकच औषध: मोठा बूट, जाड मोजा. शंभर वर्षं लाकूडतोड्यांनी तेच केलंय, आणि चालणाऱ्या माणसाला ते खरंही आहे. बुर्गीने आणखी एक नंबर मोठा बूट शोधून आणला. आणि तिसरा मोजा.

पुढच्या रविवारी हेम्मा सातव्या झेंड्याशी पडली. टाच बुटातून उचलली गेली, बोर्ड वळलाच नाही, आणि घोटा मुरगळला. लंगडत घरी आली. मोजा काढला तर घोटा सुजलेला आणि बोटं पांढरी. दोन्ही एका पायात.

बुर्गी त्या रात्री ओरडली नाही, रडली नाही. ते वाईट होतं. सकाळी गोठ्यात मला म्हणाली, "बास झालं. बोर्ड मी सरपणात फोडून टाकते."

आता गोष्ट अशी होती की मेणबत्त्यांच्या सणाच्या दिवशी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आमच्याच उतारावर शर्यत होती. तीतून प्रांताच्या संघात तीन मुली घेणार होते. हेम्मा वयाने लहान, म्हणून आईबाप हो म्हणाल्याशिवाय तिला उतरूच देणार नव्हते. बाप फोनवर म्हणाला, "बुर्गी म्हणेल ते." म्हणजे घोंगडं पुन्हा बुर्गीच्याच गळ्यात.

हेम्मा माझ्याकडे आली. "मोइदीमावशी, तू सांग ना तिला. खाली बाजारगावात लाम्बर्ट आहे, तो बूट बघून देतो. एकदाच बघू दे त्याला. तो नको म्हणाला तर मी सोडते. शपथ."

मी काय सांगणार? मला वाटत होतं बुर्गीचंच खरं आहे. मी पण ओस्वाल्डचा पाय पाहिला होता. पण पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, म्हणून गेले तिच्याबरोबर. तिघी बसने खाली उतरलो. सगळ्या वाटेत बुर्गी मांडीवरच्या पिशवीतले मोजे चाचपत होती.

लाम्बर्ट म्हणजे एक वाकलेला, तोंडाळ माणूस. त्याच्या दुकानात तापलेल्या प्लास्टिकचा आणि पायांचा वास. त्याने हेम्माचा बूट घेतला, आतला मऊ बूट उपटून काढला आणि नुसतं कवच पुढे सरकवलं.

"उघडा पाय घाल. बोटं पुढे टेकू दे. आता वाक."

टॉर्च घेऊन तो टाचेमागे डोकावला. मग त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. "आजीबाई, तुम्ही बघा."

मी पाहिलं. टाचेच्या मागे माझी मूठ गेली असती.

"इथे कोंबडी बसवली तर अंडं देईल," लाम्बर्ट म्हणाला. "कोणी घेऊन दिला हा?"

"मी," बुर्गी म्हणाली. "हवेला जागा नको? रक्ताला फिरायला जागा नको?"

"रक्त बुटात फिरतं का बाई, पायात फिरतं. एवढी जागा आहे म्हणून ही पोरगी बकल आवळते. आवळून आवळून वरून पाय दाबला की रक्त पुढे जाणार कसं? आणि हे काय आहे? मोजा? मला वाटलं बोकड आणलंय."

"मी विणलाय तो."

"छान विणलाय. बोकडाला घाला."

हेम्मा हसली, आणि बुर्गीने तिच्याकडे असं पाहिलं की हसू तिथेच गोठलं.

लाम्बर्टने तीन नंबर लहान कवच काढलं. बोटं पुढे टेकल्यावर टाचेमागे जेमतेम एक बोट जात होतं. बुर्गीने स्वतःचं बोट घालून पाहिलं आणि चटका बसल्यासारखं काढलं.

"नाही. हे नाही. मोइदी, चल."

"आई!"

"माझ्या बापाला असाच बूट आणला होता. असाच!"

"तुमच्या बापाने बोर्डावर उभं राहून झेंडे कापले होते का?"

"माझ्या बापाची बोटं कापली होती!"

लाम्बर्टचं तोंड उघडंच राहिलं. मग त्याने हळूच ते कवच बाजूला ठेवलं आणि एक खुर्ची बुर्गीच्या मागे सरकवली. ती बसली नाही.

शेवटी हेम्माच बोलली. "आई, ऐक. मी घालून बघते. सुन्न झालं तर मी स्वतः सांगेन. लपवणार नाही. तू मला विचारायचंही नाही. मी सांगेन आणि तिथेच थांबेन, शर्यत असो की काही."

"तू सांगशील?"

"सांगेन."

बुर्गी बराच वेळ पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली. आईला पोरीचं सगळं कळतं म्हणतात, पण बुटाच्या आत काय चाललंय ते कुठल्या आईला कळतं? ती खुर्चीत बसली, एवढंच. लाम्बर्टने त्याचाच होकार धरला.

आतला मऊ बूट त्याने भट्टीत तापवला, पुढे जागा राहावी म्हणून हेम्माच्या पायाच्या बोटांवर एक टोपी घातली, वर पातळ मोजा, आणि तो गरम बूट चढवून कवचात तिला उभं केलं. पाव भाजतात तसं.

"भाजतंय का?" बुर्गी.

"नाही ग."

"आता?"

"नाही!"

"लाल झाली आहेस तोंडाने."

"ते तुझ्यामुळे!"

पण खरं सांगायचं तर लाम्बर्टचंही पहिल्याच खेपेला जमलं नाही. त्याला शर्यतीचं वेड. तो पाहत होता टाच, आणि टाच अशी बसली होती जशी दगडात खिळा. पहिल्या दिवशी हेम्मा दोन फेऱ्या अशी खाली आली की लिफ्टच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तिसऱ्या फेरीनंतर ती आईपाशी येऊन उभी राहिली.

"सुन्न झालंय," म्हणाली.

बुर्गीने हातातली दांडी सोडून दिली, ती रिकामीच वर निघून गेली. दोघी लिफ्टच्या खोलीत आल्या. मी तिथे चहाचा थर्मास घेऊन बसले होते. बूट काढला, मोजा काढला. बोटं पांढरी. मला वाटलं, संपलं आता. आता बोर्ड सरपणात.

पण बुर्गीने या वेळी पाय काखेत घेतला नाही. पाय मांडीवर ठेवला आणि नुसती बघत बसली. भीतीने बघत होती, पण बघत होती. मग तिने अंगठ्याने पायाच्या वरच्या उंचवट्यावर दाबलं. तिथे एक लाल आडवी खूण होती, बकलाच्या खालीच.

"इथे दुखतं?"

"हो. आणि मग पुढे मुंग्या."

"बोटांपाशी नाही?"

"बोटांना जागा आहे ग. हलतात. हे बघ, आता हलतायत."

बुर्गीने आपला बूट काढला, मोजा काढला, आणि आपला पाय पोरीच्या पायाशेजारी ठेवला. दोन्ही वरून फुगीर, टेकाडासारखे. "बाबाचा पण असाच होता," ती हळूच म्हणाली. मग, "दोरीने हे कुठे मोजलं जातं."

दुसऱ्या दिवशी ती एकटी बसने खाली गेली. मला वाटलं, बूट परत करायला गेली. लाम्बर्टने मला नंतर सांगितलं की ती दारातूनच म्हणाली, "लांबी राहू दे. उंची बघ." त्याने डोकं खाजवलं, मग आपण होऊन अर्धा सेंटिमीटर मोठं कवच घेतलं, ते पायाच्या उंचवट्यापाशी तापवून फुगवलं, आतल्या जिभेचा थोडा मऊ थर कापला, टाचेखाली पातळ फळी घातली. टाचेमागच्या एका बोटाच्या जागेचं झालं दीड बोट. "घ्या," म्हणाला, "आता रक्ताला रस्ता आहे आणि टाचेला नाही." बुर्गी म्हणाली, "बघू." आभार मानले नाहीत. ती बूट मांडीवर घेऊन घरी आली, आणि वाटेत, बसचा ड्रायव्हर सांगतो, एकसारखी त्यात बोट घालून बघत होती.

मेणबत्त्यांच्या सणाला बर्फ दगडासारखं होतं आणि वारा उलटा. सकाळी चर्चमधून आशीर्वादाची मेणबत्ती घेऊन आम्ही उतारावर आलो. बुर्गीला लिफ्ट सोडता येत नव्हती. ती खाली, झेंडे वर, मधे झाडं. तिला दिसत काहीच नव्हतं, नुसता लाउडस्पीकर ऐकू यायचा आणि तोही वारा अर्धा खाऊन टाकायचा. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

"बुर्गी, चहा घे."

"नको."

"अगं उभी आहेस सकाळपासून."

"मोइदी, ती सांगेल ना? शर्यतीत कोण सांगतं ग? मी असते तर सांगितलं नसतं."

मी असते तर मीही सांगितलं नसतं.

हेम्मा पहिली फेरी जिंकली, दुसरी जिंकली. दर वेळी खाली आली की आईसमोर येऊन दांडी घ्यायची. बुर्गी तिच्या पायांकडे बघायची, मग तोंडाकडे, आणि ओठ मिटून घ्यायची. विचारायचं नाही, ठरलं होतं. तिसरी फेरी, शेवटच्या चौघींमधली, हेम्मा हरली. म्हणजे आता एकच राहिली, तिसऱ्या जागेसाठी. तिसरी जागा म्हणजे संघ.

ती खाली आली. रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली आणि ती दांडी न घेता बाजूला झाली.

"आई. डावा."

बुर्गीचा चेहरा मी विसरणार नाही. टेबलाखालची पोर तशीच परत आली होती.

"किती?"

"बोटं नाहीत वाटतंय. मी हरल्यावर घाबरून मधलं बकल ओढलं, दोन खाचा."

वर त्यांनी नाव पुकारायला सुरुवात केली. मागे रांग तटली होती.

"ए बुर्गी, लिफ्ट चालू आहे की गोठा उघडलायस?"

"बाई, आम्ही इथेच गोठणार का?"

बुर्गी बर्फात गुडघ्यांवर बसली. मला वाटलं ती आता सगळी बकलं उघडेल, बूट काढेल, पाय छातीशी धरेल आणि शर्यत संपेल. तिने मधलं बकल उघडलं. फक्त मधलं. टाचेवरच्या बकलाला हात लावला नाही. हातमोजा काढला आणि दोन बोटं कवचाच्या तोंडातून घालून मऊ बुटाची जीभ किंचित सैल केली.

"पुढे रेल. हळू. आता मागे. परत पुढे."

"आई, नाव पुकारतायत."

"पुकारू दे. बोटं हलव."

"हलवतेय."

"येतायत?"

हेम्मा डोळे मिटून पुन्हा पुढे रेलली. रांगेतला एक जण काहीतरी बोलायला लागला, तर त्याच्या बायकोनेच त्याला गप्प केलं.

"मुंग्या येतायत," हेम्मा म्हणाली. मग ओरडली, "आई ग, दुखतंय!"

"दुखू दे! दुखतंय म्हणजे आहेत!" आणि बुर्गी हसली की रडली, ते मला आजही सांगता येत नाही. तिने बकल परत लावलं, पहिल्या खाचेत. आपल्या हाताने. उठली, गुडघ्यांवरचं बर्फ न झटकता दांडी धरली आणि पोरीच्या मागे सरकवली.

"जा."

हेम्मा ती फेरी हरली. हाताच्या अंतराने, पण हरली. पलीकडच्या खोऱ्यातली मुलगी संघात गेली. संध्याकाळी ओबरमोझरांच्या स्वयंपाकघरात हेम्मा चुलीच्या बाकावर बसून बूट काढत होती आणि आम्ही दोघी समोर. मोजा काढला. बुर्गी खाली बसली आणि एकेक बोट धरून पाहिलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. सगळी गुलाबी, सगळी गरम. मग ती तशीच त्या पायापाशी बसून राहिली.

"मी आधीच सांगितलं असतं, बकल ओढल्या ओढल्या, तर कदाचित जिंकले असते," हेम्मा म्हणाली.

"सांगितलंस ना," बुर्गी म्हणाली. "पुढच्या वर्षी पाय वाढला असेल तर ऑक्टोबरातच जाऊ लाम्बर्टकडे. डिसेंबरात त्याच्याकडे गर्दी असते."

हेम्माने मान वर केली. मी सूप ढवळायला पाठ फिरवली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, आणि बघणं बरंही नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात ती संघात गेली. आता ती लांब राहते, लोकांचे दुखरे पाय बरे करते. बुर्गीची काळजी काही गेली नाही. उलट तिला आता गावभरचे पाय मिळाले. दर शरदात बुटांच्या बाजारात ती टॉर्च घेऊन उभी राहायची. "कवचात पाय घाल. आधी आतलं काढ. टाचेमागे बघू दे." आया चिडायच्या. "अगं बुर्गी, पोरगं वाढतंय, जरा मोठा घेऊ दे की." "वाढू दे, मग दुसरा घे. मोठा बूट आणि आवळलेलं बकल, नको." ज्यांना जमत नव्हतं त्यांचे बूट तीच लाम्बर्टकडे न्यायची, कारण बस तिच्या दारावरून जाते आणि कारण तिला दुसऱ्यावर भरवसा नव्हता.

गेल्या नोव्हेंबरात बुर्गी गेली. हृदय, म्हणाले डॉक्टर. गाई पिळून झाल्या होत्या, गोठ्याचा दिवा चालू होता. मी तिच्याहून एवढी मोठी, आणि मी मागे.

त्याच्या आदल्या दिवशी ती खाली बाजारगावात गेली होती, गिरणीवाल्यांच्या गेर्लिंडचे बूट घेऊन. पोरीची टाच उचलत होती. लाम्बर्टने नवा मऊ बूट भाजून दिला. बुर्गीने टाचेमागे बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, एवढीशीच जागा? लाम्बर्ट म्हणाला, दर वर्षी हेच विचारता. ती म्हणाली, दर वर्षी वेगळा पाय असतो. दुपारच्या बसने परत आली, गिरणीवर उतरली, गेर्लिंडला अंगणातच बूट चढवायला लावले, तिला पुढे रेलायला लावलं, मागे रेलायला लावलं, बोटं हलव म्हणाली. हलतात म्हटल्यावर मधलं बकल पहिल्या खाचेत लावलं, आणि दूध काढायची वेळ झाली म्हणून घरी गेली.